मूठ, वाकळ आणि शनिवारची मिटवामिटव

सोलापूरच्या आमच्या ख्रिस्ती घरांतून पिठाच्या डब्याशेजारी आणखी एक डबा असे. मुठीचा डबा. कुणाकडे डालड्याचा, कुणाकडे गोडेतेलाचा वरून कापलेला, कुणाकडे नुसतं काठ फुटलेलं मडकं. दळणाला ज्वारी काढली की आधी एक मूठ त्यात. घरात चार माणसं असोत की चौदा, पगार झालेला असो की मिलला टाळं असो, मूठ आधी, दळण नंतर. १९७२ च्या दुष्काळात ज्वारी दिसेनाशी झाली, रेशनला लाल मिलो आला, तेव्हा मिलोची मूठ पडली. आणि ती आखडती घेता येत नसे, कारण उंबऱ्यात आज्जी बसलेली असे.

रविवारी हे डबे देवळात रिते होत. त्यातून मंडळीतल्या विधवांची, म्हाताऱ्या-कोताऱ्यांची चूल पेटे. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, देवळावरची पाटी बदलली. मुठीचा डबा मात्र जागचा हलला नाही.

उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे वचन आम्ही शब्बाथशाळेत पाठ केलं आणि संध्याकाळी अंधारातून चालत शिकलो. गल्लीत कुणाचा खाडा पडला, कुणाचं माणूस आजारात अडकलं, की आई पातेल्यात पीठ भरी, वर फडकं बांधी आणि आम्हाला धाडी. "मावशीला सांग, आईनं तुमचं उसनं परत केलंय."

"पण आपण उसनं घेतलंच कुठं होतं? खोटं बोलायला लावतीस की गं!"

"गप की. देवाचं उसनं आहे ते. जा."

पातेलं रिकामं होऊन परत येई तेव्हा तळाशी चार शेंगा, चिमूटभर चटणी, निदान कढीपत्त्याची एक काडी असे. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही त्या मावशीचीही रीत. ती पद्मशाली, आम्ही ख्रिस्ती, पलीकडे मुसलमानाचं घर; ही रीत तिन्ही घरांत एकच होती.

मिलमधून स्वस्तात मिळणारे कापडाचे तुकडे, विटलेली लुगडी, झिजलेल्या चादरी यांच्या वाकळी होत. आठवड्यातून एकदा दुपारी मंडळीतल्या बायका अंगणात जमत. एकीनं कवी ना. वा. टिळकांचं भजन धरायचं, बाकीच्यांनी टाके धरायचे. लुगड्याचा मऊ भाग अंगाला लागेल असा आत, जाड चादर बाहेर. कडेला दुहेरी टाका, कारण पोरं कडाच ओढतात. बाळंतिणीची वाकळ नेहमी सगळ्यांत नव्या तुकड्यांची. स्वतःच्या घरी ठिगळाला ठिगळ असलेली बाईसुद्धा त्या वाकळीसाठी ठेवणीतला तुकडा काढून आणी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' याच बैठकीत मोठ्यानं वाचली गेली. टिळकांच्या घरी येऊन राहणाऱ्या निराधार पोरांचं वाचताना बायका हसत, मग डोळ्यांना पदर लावत. आपल्याही घरी असं कुणीतरी जेवायला असतंच, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

सोलापूरच्या सेटलमेंटची आठवण मात्र गोड नाही. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरीला उभं केलं. अमेरिकन मराठी मिशननंही काही काळ तिथला कारभार पाहिला, शाळा चालवली. आमच्या वडीलधाऱ्यांतले काही तिथं शिकवायला जात आणि त्यांनी मायेनंच शिकवलं. तरीही ती तार शास्त्राला धरून नव्हती, असं आज स्पष्ट म्हटलं पाहिजे. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते लोक मुक्त झाले. आज्जी मात्र त्याच्या आधीपासून तिथल्या बायकांना ओसरीवर नव्हे, चुलीपाशी पाट देई. गल्ली कुजबुजे. आज्जी भाकरी थापत राही.

पण सगळ्यांत अवघड शिकवण आमच्या वाट्याला यायची ती प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी. मनात आकस ठेवून मेजाजवळ जायचं नाही, हा दंडक. त्यामुळे महिनाभरातली सगळी भांडणं त्या संध्याकाळी मिटवायची. नळावरची, कोंबड्यांवरची, वाटणीची, बुडवलेल्या पैशांची. दोन जावा महिनाभर बोलत नसल्या तरी त्या सांजेला एक दुसरीच्या दारात येऊन "चुकलं बाई माझं" म्हणे. आवाजात अजून धार असे, पण ती आलेली असे. पुरुषांना हे फार जड जाई. ते आधी पावसापाण्याचं बोलत, मग मिलच्या बोनसचं, आणि उठता उठता चपलेत पाय घालताना मुद्द्यावर येत. पाळकसाहेब मधे पडत नसत; ज्याचं त्यानंच जायचं.

दिवेलागणीनंतर दारावर थाप पडली की आई कोण आलंय हेही बघत नसे. आम्हाला म्हणे, "दार उघडा, उद्या प्रभुभोजन आहे," आणि चहाचं आधण ठेवी.