कृष्णेच्या मधोमध

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत आमचं घर. लेथच्या घरघरीची इतकी सवय, की रविवारी शांततेनेच जाग येते! धाकटा डिप्लोमात दोनदा नापास झाला आणि जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला. नातेवाइकांच्या चौकशांना मी कंटाळले होते. सासूबाई म्हणाल्या, "एकदा त्याला कुरवपूरला नेऊ या."

उद्यान एक्स्प्रेसने पहाटे रायचूर, पुढे आतकूर, मग हरिगोलातून, म्हणजे गोल टोपलीसारख्या नावेतून, बेटावर. श्रीपाद श्रीवल्लभांचं हे स्थान. टेंबे स्वामींचीही इथे गुहा आहे. नारायणपूर धरणातून पाणी सोडलं की नावा बंद होतात, पण देवळातली पूजा चुकत नाही, असं पुजाऱ्यांनी सांगितलं.

गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायातली आई मंदबुद्धी मुलाला घेऊन इथेच जीव द्यायला आली होती. श्रीपादांच्या कृपेने तो मुलगा पुढे विद्वान झाला. कथा लहानपणापासून ऐकलेली. पण वडाखाली बसल्यावर वाटलं, त्या मायलेकांना नदीपर्यंत आणलं कोणी? मुलाच्या बुद्धीने, की लोकांच्या तोंडांनी?

सासूबाई हात जोडून नातवासाठी पदवी मागत होत्या. मला काही मागावंसं वाटेना.

परतताना पोरगा नावाड्याशी कन्नडमध्ये गप्पा मारत होता. ही टोपली विणतात कशी, बुडाला डांबर कधी लावतात, प्रश्न संपेनात! शेवटी नावाड्याने वल्हंच त्याच्या हाती दिलं.

"आई, मधे सरकून बस गं," तो म्हणाला, "तोल जाईल."