पायवाटेचा वेग

शनिवार पेठेत राहणाऱ्याला धावायचं तर पहाटेच निघावं लागतं. सहा वाजल्यानंतर रिक्षा, दुधाच्या गाड्या आणि शाळेच्या व्हॅन रस्ता ताब्यात घेतात. शनिवारवाड्याच्या तटाला लागून शिवाजी पूल, तिथून जंगली महाराज रस्ता, डेक्कन आणि लकडी पुलावरून परत पेठेत, नाहीतर ओंकारेश्वरापासून खाली नदीपात्रातला रस्ता, हा माझा वर्षानुवर्षांचा मार्ग. डांबरावर धावणाऱ्याचा जीव मनगटावरच्या घड्याळात असतो. किलोमीटरला किती मिनिटं लागली, कालच्यापेक्षा किती सेकंद कमी झाले, एवढाच हिशेब. डोंगरातली शर्यत या हिशेबाला जुमानत नाही, हे मला सिंहगडाने शिकवलं.

सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन गड एका दमात जोडणारी वाट पुण्यातल्या गिर्यारोहकांच्या पिढ्यांनी तुडवली आहे. कल्याण दरवाज्यातून सिंहगड उतरायचा, राजगड गाठायचा आणि संजीवनी माचीकडून तोरण्याची धार धरायची. याच वाटेवर आता डिसेंबरच्या थंडीत ‘सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा’ ही शर्यत होते. तिन्ही गडांची ५३ किलोमीटरची धाव ही तिची खरी ओळख. त्याहून मोठं अंतर धावणारेही असतात आणि माझ्यासारख्या नवख्यांसाठी ११ किलोमीटरचा गटही असतो. मी त्यात नाव घातलं.

तयारी वेताळ टेकडीवर झाली. आमच्या धावण्याच्या गटातल्या एका ज्येष्ठ काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “चढ पळायचा नाही, चालायचा. हात मांड्यांवर टेकवायचे, पाऊल आखूड टाकायचं आणि थांबायचं मात्र नाही.” डांबरावर वाढलेल्या मनाला हे पटायला वेळ लागला. पण खड्या चढावर पळणारा आणि भराभर चालणारा जवळपास बरोबरच वर पोहोचतात. फरक एवढाच की पळणाऱ्याचा श्वास संपलेला असतो. उताराचं शास्त्र वेगळं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, ब्रेकचं काम करतात. म्हणून डोंगर उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिने उतरणं नकोसं होतं. हे दुखणं टाळायचं तर उतारावर धावण्याचाच सराव हवा. तळाला खोल खाचा असलेले बूट, पाठीवर पाण्याची छोटी पिशवी, मीठ-साखरेचं पाणी, खिशात खजूर. एवढं साहित्य पुरतं.

शर्यतीच्या दिवशी गोळेवाडीत पोहोचले तेव्हा उजाडलं नव्हतं. लांबच्या अंतराचे धावपटू आमच्या आधीच निघून गेले होते. आमची धाव सुरू झाली ती सपाटीवर, आणि सगळेच सुसाट निघाले. काकांचं वाक्य मनात धरून मी माझी चाल सोडली नाही. पुढे चढ लागला आणि घोळका आपोआप विरळ झाला. सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर आहे. पायथ्यापासून सहाशेच्या आसपास मीटर चढावे लागतात, आणि तेही अगदी थोड्या अंतरात. मुरूम, मध्येच काळ्या दगडाच्या उंच पायऱ्या, मग पुन्हा सुटी माती. तिथे घड्याळातला वेग निरर्थक ठरतो. कान स्वतःच्या श्वासाकडे लागतात.

त्याच चढावर डोक्यावर पाटी घेतलेल्या एक मावशी मला गाठून पुढे गेल्या. गडावर दही-ताक, पिठलं-भाकरी मिळते, ती अशी पायथ्याच्या गावांतल्या लोकांच्या कष्टांवर वर पोचते. “ताई, आडवं-तिडवं चढा, सरळ नका चढू,” त्या न थांबता म्हणाल्या. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून मी नागमोडी चढू लागले, आणि खरोखरच दम पुरला. आम्ही ज्याला शर्यतीचा मार्ग म्हणत होतो ती त्यांची रोजची कामाची वाट होती.

वर आले तेव्हा ऊन नुकतंच पसरलं होतं. एका बाजूला खडकवासल्याचं पाणी, दुसरीकडे राजगडाचा बालेकिल्ला आणि त्याच्या पलीकडे तोरण्याचा रुंद माथा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांचे मावळे हाच गड, तेव्हाचा कोंढाणा, चढले, तेही वाट सोडून कड्यावरून. दिवसाउजेडी, मळलेल्या वाटेने चढून आलेल्या माझ्या छातीचे ठोके ऐकताना तो इतिहास पहिल्यांदा अंगात उतरला.

उतार हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात आनंदाचा भाग. डिसेंबरातलं गवत वाळलेलं, मोज्यांत कुसळं घुसतात, आणि घसाऱ्यावर पाय ठरत नाही. नजर तीन-चार पावलं पुढे ठेवायची, टाच रोवून ब्रेक न लावता भराभर लहान पावलं टाकायची. घरचा, कामाचा, उद्याचा कुठलाच विचार तेव्हा मनात शिरू शकत नाही. माझ्या पुढचा एक मुलगा घसरून पडला, तर मागचे दोघं आपली वेळ सोडून थांबले. त्याला उठवलं, गुडघ्यावर पाणी ओतलं, तो चालतो आहे हे पाहिलं आणि मगच निघाले. डोंगरात सोबतचा माणूस स्पर्धक नंतर असतो.

शेवटची रेषा ओलांडली तेव्हा माझा क्रमांक विचारायचंही सुचलं नाही. मनात मावशींची वाट होती. अशा शर्यतीला मैदान लागत नाही, दिवे लागत नाहीत. लागते ती शतकानुशतकं माणसांच्या आणि गुरांच्या पावलांनी मळलेली पायवाट. ती एकदा डांबराखाली गेली की पुन्हा तयार होत नाही. वेताळ टेकडीतून बालभारती-पौड फाटा रस्ता नेण्याच्या प्रस्तावाला विरोध होतो आहे, तो झाडांसाठी, मोरांसाठी आणि जमिनीत मुरणाऱ्या पाण्यासाठी. त्यात मी पायवाटांचं नाव जोडते. पेठेत अंगण उरलेलं नाही. आमच्या मुलांना मातीवर धावायचं असेल तर टेकडीच हवी. म्हणून टेकडी वाचवण्यासाठी नागरिक जमतात, तेव्हा धावपटूंनीही तिथे गेलं पाहिजे. मी जाते.