घरी सांगू नका

संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात मुलींच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात उभं राहिलं की अख्खा महाराष्ट्र ऐकू येतो. कठड्याला टेकून, जिन्याच्या पायरीवर बसून, गच्चीच्या दाराशी जी ती फोन कानाला लावून असते. कुणाची अहिराणी, कुणाची मालवणी, कुणाचं वऱ्हाडी ‘करून राहिली’. बोली निराळ्या, संवाद एकच. जेवलीस का? जेवले. अभ्यास? चाललाय. पैसे आहेत? आहेत. फोन ठेवला जातो, आणि ‘जेवले’ म्हणणारी मुलगी मेसकडे न वळता सरळ खोलीत जाते.

पुण्यात रेक्टर म्हणून राहताना हा संवाद रोज कानावर पडला, पण तो मला खोटा कधी वाटला नाही. तिकडे आई सोयाबीनच्या भावाबद्दल चकार शब्द काढत नाही, इकडे लेक केटी लागल्याचं सांगत नाही. दोघी एकमेकींना जपत असतात. आणि या जपण्यात मुलगी दिवसेंदिवस एकटी पडत जाते.

ते दिसतं, बघायचं ठरवलं तर. नेहमी नळावर भांडणारी भांडेनाशी होते. दुपारी बारालाही पडदा ओढलेला. आवडीची ओढणी, पुस्तकं मैत्रिणींना ‘ठेव तुला’ म्हणून देऊन टाकते. हसत हसत म्हणते, ‘मी नसले तर काय फरक पडणारे?’ असं बोलणं चेष्टेवारी नेण्यात आपली माणसं पटाईत आहेत. ‘चल, चहा घेऊ’ म्हणायचं की संपलं!

एकदा मध्यरात्र उलटल्यावर दारावर थाप पडली. रूममेट होती. ‘मॅडम, ही कशी तरीच बोलतेय.’ मी गेले. खोलीत दिवा बंद, मोबाइलचा तेवढा उजेड. त्या मुलीचं माझ्याशी पहिलं वाक्य: ‘घरी सांगू नका.’

काय होतंय हे ती नंतर बोलली. आधी घर वाचवायचं होतं तिला. वडिलांनी काढलेलं कर्ज, गावात वाटलेले पेढे, धाकट्या बहिणीला तिचंच दिलेलं उदाहरण. एवढ्याचा भार घेऊन ती महिनोन्‌महिने तासांना बसत होती. मी तिच्या पलंगावर बसले आणि सरळ विचारलं, ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतंय का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती फार खोलवर रुजलेली आहे. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात ते असतं त्याला कुणीतरी नाव घेतल्यावर सुटल्यासारखं होतं. ती ‘हो’ म्हणाली आणि मग रडली. मी समजूत घातली नाही. आयुष्य किती सुंदर आहे हे ऐकण्याची ती वेळ नव्हती.

१४४१६ हा क्रमांक रूममेटनं लावला. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. गरज भासली तर समुपदेशक पुढे मानसतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. पलीकडचा बाईंचा आवाज घाईत नव्हता. त्यांनी आधी विचारलं, आत्ता तुझ्याजवळ कोण आहे? नेमका प्रश्न. त्या रात्री आम्ही तिला क्षणभरही एकटं सोडलं नाही, आणि उजाडल्यावर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेलं. परिस्थिती त्याहून बिकट असती, तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ हाच मार्ग होता.

तिनं आणखी एक विचारलं होतं: पोलीस केस होईल का? या धास्तीनं कितीतरी घरं दवाखान्याची पायरी टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारं माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच गृहीत धरलं आहे. त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. रुग्णाची गोपनीयताही त्याच कायद्यात आहे, फक्त जिवाला धोका असेल तिथे ती आड येत नाही. म्हणून ‘घरी सांगू नका’ला माझं उत्तर असं होतं: ‘सांगू, पण तुझ्या देखत, तुझ्या शब्दांत.’ सकाळी तिनंच फोन लावला. वडील दुपारच्या एसटीनं आले ते आधी माझ्यावर तडकले: रात्रीच का नाही कळवलं? बापाचा राग होता तो, रास्तच. मग लेकीकडे वळून म्हणाले, ‘काही खाल्लंस का?’ या वेळी ती म्हणाली, ‘नाही.’

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि टेली-मानससारखे क्रमांक वसतिगृहात, वर्गांत, ठळक मोठ्या अक्षरांत लावलेले हवेत. न्यायालयाला हे सांगावं लागलं, यातच काय ते आलं. मी पाहिलेला एक समुपदेशन कक्ष परीक्षा विभागाच्या शेजारी होता, काचेच्या दाराचा, अकरा ते पाच उघडा. आत कोण बसलंय ते फीच्या रांगेतल्या प्रत्येकाला दिसणार. तिथं कोण जाईल? आणि रात्री दोन वाजता तो कक्ष काय कामाचा? कक्ष असावाच, पण रात्री धावून येते ती शेजारची खोली, मेसच्या मावशी, गेटवरचे वॉचमन काका. टेली-मानसचा क्रमांक त्यांना पाठ असायला हवा. वर्षाच्या सुरुवातीला तासभर त्यांना बसवून हे समजावलं, तर त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आत्ता त्याच रात्रीत असेल, तर त्याला एवढंच सांगते. १४४१६ लाव. बोलता येत नसेल तर शेजारच्या खोलीचं दार वाजव आणि ‘माझ्याजवळ बस’ एवढं म्हण. आणि ज्याचं दार वाजेल त्यानं उद्याचा पेपर बाजूला ठेवून उठावं.