भाषांतर कोणाच्या हातीं द्यावें?

व्यापाराचे कागद परभाषेंतून करून घेण्याची वेळ आतां साध्या घरांवरहि येते. आमच्या धाकट्या पुतण्याचा यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना आहे. त्याला एका जर्मन गिऱ्हाइकाकडून जर्मन भाषेंतला करारनामा आला. तो इंग्रजींत करून घेण्यास स्वतंत्रपणें काम करणारा भाषांतरकार बरा कीं भाषांतराची कंपनी, यावरून घरांत दोन तट पडले. कारखान्यासाठीं राहतें घर गहाण असल्यामुळें वाद केवळ भाषेचा नव्हता.

थोरल्या बंधूंचा कौल कंपनीस: व्यवहार चोख, अनेक भाषांची सोय, एक माणूस आजारी पडला तर दुसरा हजर. पुतण्याचें म्हणणें, एकट्याचा दर कमी, आणि शंका आल्यास थेट त्यासच विचारतां येतें. दोघांचेंहि खरें. परंतु कंपनीहि पुष्कळदां काम बाहेरच्या एकट्या माणसाकडेच सोंपविते व देखरेखीचा मोबदला घेते. तेव्हां ती देखरेख खरोखर होते काय, हें पाहिलें पाहिजे.

एका क्रियापदानें केवढा अनर्थ होतो, याचा दाखला इतिहासांत आहे. इटली व इथिओपिया यांच्यांत १८८९ सालीं वुचाले येथें तह झाला. परराष्ट्रव्यवहार इटलीमार्फत करण्याची इथिओपियास मोकळीक आहे, असें अम्हारी प्रतींत होतें. इटालियन प्रतींत तेंच बंधन झालें. हा वाद अखेर १८९६ सालीं अदवा येथें रणांगणापर्यंत गेला.

स्वतःची वही स्वतः तपासणाऱ्यास आपली चूक दिसत नाहीं, हें आम्हीं संस्कृतच्या वर्गांत तीस वर्षें पाहिलें. भाषांतरसेवेच्या २०१५ सालच्या आय.एस.ओ. १७१०० या आंतरराष्ट्रीय मानकांतहि, भाषांतर दुसऱ्या माणसानें मूळ प्रतीशीं ताडून पाहावें, असा नियम आहे. पुतण्यानें काम एका भाषांतरकार बाईंस दिलें व दुसऱ्या जाणत्या गृहस्थांकडून ताडून घेतलें. जर्मन लिहिण्यांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम घालतात. तो गळल्यामुळें उशिराचा दंड आठवड्यास अर्धा टक्का होता, तो पांच टक्के झाला होता! त्या आंकड्यास भिऊन करार नाकारला असता, तर हप्ते कशांतून फेडावयाचे?

म्हणून आमचें मत असें: एक भाषा व थोडीं पानें असतील, तर त्या धंद्याची परिभाषा जाणणारा एकटा भाषांतरकार पाहावा, आणि ताडून पाहणाऱ्याचा मोबदला आधींच खर्चांत धरावा. भाषा अनेक, पानें शेंकडों व मुदत थोडी असेल, तर कंपनी गांठावी. पण भाषांतर कोण करणार, तपासणार कोण, कीं संगणकाच्या भाषांतरावर नुसता हात फिरविणार, हें लेखी मागावें. जर्मनींत न्यायालयाच्या कामास शपथबद्ध भाषांतरकार लागतो. तेथेंहि शपथ व्यक्ति घेते, कंपनी नव्हे. पाटी कोणाचीहि असो, कागदामागचा माणूस आपणांस ठाऊक असावा.