मुक्तांबाळच्या नावाचे अन्नछत्र

‘व्हॅलेन्टाइन डे’ जवळ आला, की वहीच्या पानांत लपवून दिलेली गुलाबी शुभेच्छापत्रे अनेकांना आठवतात. कार्डावर आपल्या माणसाचे नाव लिहिताना हात कसा थरथरायचा! प्रिय व्यक्तीचे नाव जपण्याची ही ओढ तंजावरच्या एका मराठी राजालाही होती.

तंजावरला जाल, तेव्हा बृहदीश्वराचे दर्शन आणि सरस्वती महाल ग्रंथालय आटोपून पट्टुकोट्टैच्या रस्त्यावरील ओरत्तनाडूला अवश्य जा. सरफोजीराजे भोसले दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी १८०२च्या सुमारास येथे ‘मुक्तांबाळ छत्र’ उभारले. मुक्तांबाळ ही राजांची प्रिया. लग्नाची राणी नव्हे. तिच्या निधनानंतर राजांनी तिचे नाव या अन्नछत्राला दिले. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंना येथे निवारा आणि जेवण मिळे. तंजावरच्या छत्रांत आजाऱ्यांना औषधपाणी, बाळंतिणींची देखभाल आणि मुलांना शिक्षणही मिळते, असे राजांनी १८०१मध्ये इंग्रजांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे.

राणीपद न लाभलेल्या स्त्रीचे नाव असे वाटसरूंच्या तोंडी राहिले. आपल्या माणसाच्या नावाने चार अनोळखी माणसे जेवावीत, याहून सुंदर शुभेच्छापत्र कोणते?