भिंतीवरचे लहान गोल

जालन्याहून अंबडच्या दिशेला निघालं की थोड्या अंतरावर ती शाळा लागते. तिथल्या नववीच्या वर्गाची मागची भिंत ताईने, माझ्या बहिणीने, मुलांच्या ताब्यात दिली होती. कुठल्याही विषयाच्या पुस्तकात, नकाशात, यंत्रावर, जुन्या कागदावर लहान गोल दिसला की तो भिंतीवर काढायचा आणि तिथे तो काय सांगतो ते शेजारी लिहायचं. ताई गणित आणि विज्ञान शिकवायची, पण भिंतीवर सगळे विषय चालत.

पहिला मान अंशाच्या गोलाला मिळाला. एप्रिलमधल्या एका वर्तमानपत्रात जालन्याचं तापमान ४२° छापलं होतं आणि त्याच दिवशी भूमितीच्या उदाहरणात ४२° चा कोन आला होता. आकडा तोच, त्याच्या खांद्यावरचा गोल तोच. एक ऊन सांगत होता, दुसरा वळण. दोन मुलं भांडत ताईकडे गेली आणि तिथून भिंत सुरू झाली.

भिंतीचा नियम मात्र पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात ठरला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात विहीर लहान निळ्या गोलाने दाखवतात. एका मुलीने आपल्या शिवारातल्या विहिरी मोठ्या हौसेने निळ्या खडूने काढल्या होत्या. त्या वर्षी जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडून सरपण केलं. ती मुलगी ओला बोळा घेऊन भिंतीपाशी गेली आणि आपले गोल पुसायला लागली. विहिरी कोरड्या पडल्या, मग निळा रंग खोटाच, असं तिचं म्हणणं. ताईने तिचा हात धरला. म्हणाली, नकाशा विहीर कुठे आहे तेवढंच सांगतो. पाणी आहे का, हे त्याला विचारायचं नाही, ते दोर सोडून बघायचं. ज्या विषयाचा गोल, त्याचा अर्थ त्याच विषयाला विचारायचा. दुसऱ्या दिवशी हे वाक्य भिंतीच्या वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात आलं.

आमच्या वडिलांनीही एक गोल दिला होता. त्यांचं सुरुवातीचं शिक्षण निजामी अमलातलं, उर्दूतून. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी तहसिलीतले जुने कागद उर्दूच राहिले, आणि ते वाचायला लोक वडिलांकडे येत. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच म्हणजे गोलसर, खालून किंचित दबलेला आकार. घाईच्या हस्ताक्षरात तो दाबही नाहीसा होतो आणि उरतो साधा गोल. मराठी शाळेतला माणूस तिथे काहीच नाही असं वाचील, आणि तिथे पाच एकर असतात. ताईला हा गोल इतका आवडला की तो काढायला तिने वडिलांनाच शाळेत नेलं. म्हातारपणी त्यांनी हातात खडू धरला तो त्या दिवशी.

माझ्या वाट्याचा गोल संगीतातला. मी लहानपणी गाणं शिकायला जायची आणि परीक्षेला ताल लिहून दाखवावा लागे. भातखंड्यांच्या लेखनपद्धतीत समेखाली फुली येते आणि ‘खाली’ म्हणतात त्या मात्रेखाली शून्यासारखा गोल. त्रितालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर तो गोल असतो. तिथे टाळी द्यायची नाही, हात नुसता बाजूला करायचा. डग्ग्याचा घुमारा त्या विभागात थांबतो आणि तबला किनारीवर हलका वाजत राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी वगळलं, पण मात्रा वगळलेली नसते. ती पूर्ण लांबीची असते आणि तिला टाळीइतकंच मोजावं लागतं. ताईला गाणं येत नव्हतं, पण माझ्या रियाजाला हाताने ताल धरून बसायची तीच. खालीच्या मात्रेवर तिचा हात उगाच हवेत तरंगल्यासारखा होई, बांगड्या वाजत आणि मी चुके. रूपक तालाने तर तिला चकितच केलं होतं. सात मात्रांच्या या तालात पहिल्याच मात्रेवर खाली येते, म्हणजे सम आणि तो गोल एकाच ठिकाणी. जिथे जोर यायचा तिथेच जोर काढून घेतलेला, आणि तरी सगळे गाणारे-वाजवणारे नेमके तिथे येऊन भेटतात. हे तिने मला कितीदा तरी पुन्हा म्हणायला लावलं.

आयटीआयला गेलेला एक जुना विद्यार्थी त्रिकोणाच्या टोकाला चिकटलेला गोल घेऊन आला. इलेक्ट्रॉनिक्सच्या आकृतीत नुसता त्रिकोण आलेला संकेत तसाच पुढे पाठवतो, टोकाला गोल लावला की होयचं नाही होतं आणि नाहीचं होय. रसायनशास्त्रातून बेंझिनच्या षटकोनातला गोल आला. सहा इलेक्ट्रॉन कुण्या एका जोडीच्या मालकीचे नाहीत, सगळ्या कड्याचे आहेत, हे तो सांगतो. भौतिकशास्त्रातून आलेली जोडी मला फार आवडे. मध्ये ठिपका असलेला गोल म्हणजे कागदातून आपल्याकडे येणारा बाण, आपल्याला त्याचं टोक दिसतं. मध्ये फुली असलेला गोल म्हणजे आपल्यापासून दूर निघालेला बाण, त्याची मागची पिसं दिसतात.

भोकरदनची मुलं एकदा सहलीच्या निमित्ताने शाळेत उतरली होती, त्यांच्यामुळे सातवाहनांचा गोल आला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव आहे, आणि १९७३ च्या सुमाराला नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहनांच्या नाण्यांवर एका अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार लहान गोल असतात, त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. त्या चार गोलांच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. ताईने शेजारी लिहायची जागा मोकळी सोडायला सांगितली. ज्यांना विचारायचं ती माणसंच राहिली नाहीत, असा गोल भिंतीवर तो एकच होता.

पण ताईचा स्वतःचा, जिव्हाळ्याचा गोल आकाशातला. गोलाच्या केंद्रातून काप घेतला तर मिळतं ते बृहद्वृत्त, केंद्र चुकवून घेतला तर लघुवृत्त. हे ती मोसंबी कापून दाखवायची आणि मग त्या फोडी मुलांना वाटून टाकायची. विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटरचं. जालन्यातून जाणारं अक्षवृत्त, १९.८ अंशांवरचं, सुमारे ३७,७०० किलोमीटरचं. पूर्वेला ते जगन्नाथपुरीच्या जवळून जातं, हे ऐकून एका मुलाची आजी म्हणाली होती, मग आपण पुरीच्या ओळीतलेच की. सूर्य आकाशात रोज काढतो तेही बहुतेक दिवशी लघुवृत्तच. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायात त्याला अहोरात्रवृत्त म्हटलं आहे आणि त्याच्या त्रिज्येला द्युज्या. सिद्धान्तशिरोमणी पुरा झाला ११५० साली, भास्कराचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. ताईने तो जाऊन पाहिला होता. लेणी-देवळं पाहायला जाणारे खूप असतात, आजोबांचं गणित शिकवणाऱ्या नातवाचा दगड पाहायला ती गेली.

मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास सूर्याचं हे रोजचं वर्तुळ जालन्याच्या बरोबर माथ्यावरून जातं. घड्याळात बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटं झाली की उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सुट्टी असूनही पोरं त्या दिवशी शाळेत येत. ताई हातातली काचेची बांगडी आडवी धरायची. बरोबर खाली, मातीवर, बांगडीएवढाच सावलीचा गोल पडे. जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य परततानाही तोच योग येतो, पण तेव्हा आभाळ बहुधा ढगांनी भरलेलं असतं. तरीही ती वेळेवर अंगणात जाऊन उभी राहायची. दिसत नसलं तरी सूर्य आत्ता डोक्यावर आहे, एवढं मुलांना सांगायला.

तिच्या शेवटच्या मे महिन्यात तिला उन्हात उभं राहवलं नाही. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला होता. ती ओसरीत खाटेवर पडून होती आणि बांगडी मी धरली. मनगटं इतकी बारीक झाली होती की बांगडी काढायला साबण लागला नाही.

ती गेली त्यानंतर भेटायला येणारे चांगल्या मनाने बोलत होते. शून्यात गेली, पूर्णात मिळाली, असं म्हणत होते. एका शिकलेल्या नातेवाइकांनी भास्कराचार्यांचाच आधार दिला. बीजगणितात खहर राशी आहे, शून्याने भागलेली. तिच्यात कितीही मिळवा किंवा तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही, आणि भास्कराचार्यांनी तिला प्रलयात जीव सामावून घेऊनही न बदलणाऱ्या अच्युताची उपमा दिली आहे. ही उपमा ताईला तोंडपाठ होती. पण ती अनंताबद्दल आहे, आणि आमचं घर अनंत नव्हतं. मोजक्या माणसांचं घर होतं, त्यातून एक वजा झालं. ज्या विषयाचा गोल, त्याच विषयाला विचारायचं, हे मी तिच्याकडूनच शिकले होते. म्हणून त्या दिवसांत मला कुणी शून्य दाखवलं की मी ते घेत नसे. गणितातलं शून्य आपली जागा धरून बसतं. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात, ८७६ सालच्या लेखात, २७० या आकड्यात ते असंच लहान गोल होऊन बसलं आहे, आणि ते तिथे नसतं तर सत्तावीसच वाचले गेले असते. माझ्या बहिणीला असं जागा धरून बसायला सांगावं, हे मला पटत नव्हतं.

पुढच्या वर्षी शाळेला रंग दिला. भिंतीला ओल आली होती, रंग लागायलाच हवा होता.

मग डॉक्टर म्हणाले, बहिणीला झाला तर तुम्हीही तपासून घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि आमचं घर काढायला घेतलं. पुरुष चौकोन, बाई गोल. हा आजार झालेल्यांचा आकार काळा भरायचा, गेलेल्यांवर तिरकी रेघ मारायची, खाली वय लिहायचं. ताईचा गोल भरला गेला, त्यावर रेघ आली. शेजारी एक रिकामा गोल आणि त्याच्याकडे रोखलेला बाण. तपासायला आलेल्या माणसाकडे बाण दाखवायचा असतो. तो रिकामा गोल मी होते. मला भिंतीवरचे दोन बाण आठवले, येणारा आणि जाणारा.

त्या गोलाने मला दुखावलं नाही. त्या शास्त्रात काळा म्हणजे आजार, रेघ म्हणजे मृत्यू. ताई कशी होती हे सांगायचं त्याने कबूलच केलं नव्हतं, आणि जेवढं कबूल केलं होतं तेवढं तो चोख सांगत होता.

मग बाईंनी आईकडच्या बायका विचारल्या. मावशा, आजी, आजीच्या बहिणी. मी सांगत गेले, कुणी या आजाराने गेलं नव्हतं. वडिलांकडच्या? मी म्हटलं, हा तर बायकांचा आजार. त्या म्हणाल्या, ज्या जनुकांतल्या बदलामुळे घराण्यात हा कर्करोग वारंवार दिसतो, ती बीआरसीए एक आणि दोन, १९९४ आणि ९५ साली सापडली, आणि त्यांतला बदल वडिलांकडूनही मुलीला तितकाच येऊ शकतो. लोक ती बाजू सांगायचीच विसरतात. पुढच्या वेळी तिकडच्या सगळ्या बायका लिहून आणा.

वडिलांच्या बाजूची वंशावळ घरात होती. वारसाच्या कागदांसाठी कधीतरी काढलेली, शाईने, सहा पिढ्यांची. २०२३ साली आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर आमच्या जिल्ह्यात गावोगाव अशा वंशावळी काढल्या गेल्या, निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी नोंदी धुंडाळल्या गेल्या, आणि वडील असते तर आमच्या ओसरीत रांग लागली असती. बापापासून मुलाकडे जाणाऱ्या त्या रेघा मी नीट पाहिल्या. सहा पिढ्यांत एकही बाई नव्हती. ज्या बाजूची माहिती आमच्याकडे लेखी होती, तिथेच विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

भाची, ताईची मुलगी, चार्टपेपर घेऊन बसली. तिने आधी वंशावळीतले सगळे पुरुष चौकोन करून उतरवले आणि प्रत्येकाशेजारी एकेक रेघ ओढून तिच्या टोकाला गोल काढला. बायको तर असणारच, असं म्हणाली. मग परतूरच्या आत्यांना फोन लावला. त्यांचं वय नव्वदीकडे झुकलेलं, ऐकू कमी येतं, पण आठवण खणखणीत.

“तुमच्या थोरल्या बहिणीला काय झालं होतं?”

“छातीत गाठ झाली व्हती तिला. कुनाला सांगायची न्हाई. पदराखाली झाकून ऱ्हायची. शेवटी वास यायला लागला तवा कळलं.”

“वय काय असेल?”

“पोर लग्नाला आली व्हती तिची. आसंल चाळिशीची.”

भाचीने गोल काळा भरला, रेघ मारली, खाली चाळीस लिहिलं. हात थांबला नाही तिचा. आजीच्या आईचं विचारलं, तिच्या जावांचं विचारलं. आत्या प्रत्येकीचं माहेरचं नाव आधी सांगत, मग सासरचं, मग कुठल्या गावाला दिली ते, मग कशाने गेली ते. बाळंतपणात. पटकीत. विहिरीत. वयाला आकडा नसला तर दुष्काळाने किंवा कुणाच्या तरी लग्नाने सांगत. चार्टपेपरची उजवी बाजू भरत आली. मी म्हटलं, आत्या, दमला असाल, बाकीचं उद्या विचारते.

“थांब, फोन ठिवू नको,” त्या म्हणाल्या. “आनखी दोघी ऱ्हायल्या की. त्यांचं कुनी इचारलंच न्हाई आजवर. लिही.”