घाटावर उभं राहायचं कुठे?

मेणवलीला फोटो वाईट येतच नाही आणि रचना शिकू पाहणाऱ्याला हीच त्या जागेची अडचण आहे. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागे कृष्णेत उतरणारा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, काठावर मेणेश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा मिळालेल्या घंटांपैकी ही एक. ‘स्वदेस’मुळे घाट सगळ्यांना ओळखीचा झाला. येणारा माणूस सिनेमात पाहिलेल्या कोनातून एक फोटो काढतो आणि समाधानाने परततो. फोटो छान असतो, पण त्यात त्याचं स्वतःचं काही नसतं.

मी तरीही सरावाला तिथेच जातो. रेषा, कमानी, प्रतिबिंब, माणसं, सगळं एका घाटात मिळतं.

नदीकडे तोंड करून वर उभं राहिलं, तर पायऱ्या म्हणजे एकाखाली एक आडव्या पट्ट्या. नजर तिथल्या तिथे अडते. घाटाच्या टोकाला जाऊन कडेने पाहिलं की त्याच पायऱ्यांच्या कडा पुढे धावू लागतात, वळणाबरोबर वळतात आणि नजरेला पाण्यापर्यंत घेऊन जातात. दगड तोच, ऊन तेच. फोटोग्राफर फक्त वीस-पंचवीस पावलं चाललेला असतो.

ही पावलं वाचवायला झूम वापरला जातो. झूमने काय कापलं जाईल ते बदलतं, वस्तूंचं एकमेकांशी असलेलं नातं बदलत नाही. खाली कोणी बाई धुणं धूत बसली आहे आणि तिचं डोकं पलीकडच्या काठावरच्या काळपट झाडीत बुडून गेलंय. झूम कितीही फिरवा, ते बुडालेलंच राहणार. दोन पायऱ्या वर चढा: झाडी चौकटीत वर सरकते, डोक्यामागे उजळ पाणी येतं आणि बाई मोकळी होते. (तिला विचारून फोटो काढावा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.) म्हणून सरावाच्या दिवशी एकच लेन्स न्यावी, पन्नास मिलिमीटरची, छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर पस्तीसची. फोनवाल्यांनी स्क्रीनवर चिमटा काढायचा नाही, एवढंच.

ग्रिडच्या रेषा सुरू ठेवायला हरकत नाही. मात्र तृतीयांशाचा नियम म्हणजे वेदवाक्य नव्हे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये तो निसर्गचित्रांसाठी मांडला आणि त्याचा भर होता आकाश किती, जमीन किती, उजेड किती, अंधार किती या वाटणीवर. पाणी संथ असेल आणि देऊळ त्यात उलटं उतरलं असेल, तर काठाची रेषा बेधडक मध्यावर घ्यावी. पावसाळ्यात कृष्णा गढूळ वाहते, प्रतिबिंब नसतं. तेव्हा दोन वाटे पायऱ्यांना द्यावेत.

सगळ्यात कमी सराव होतो तो कडांचा. नवशिक्याची नजर मध्यावर खिळलेली असते आणि तेवढ्यात कोपऱ्यातून प्लास्टिकची पिशवी, कुणाचं अर्धं पाऊल, उन्हाचा पांढरा ठिपका आत शिरतो. कडेवरचा असा ठिपका मुख्य विषयाच्या आधी नजर ओढून घेतो. बटण दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवून आणावी. पहिल्यांदा फार वेळ लागतो, मग सवयीने क्षणभर. ‘नंतर क्रॉप करू’ हे वाक्य मला आळसाचं वाटतं. आंरी कार्तिए-ब्रेसाँचं पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागचं डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचं १९३२चं छायाचित्र कापलेलंच आहे, असं कोणी म्हणेल. खरं आहे. तो कुंपणाच्या फटीतून टिपत होता आणि फळी मध्ये येत होती. एरवी मात्र आपल्या छायाचित्राला कात्री लावलेली त्याला खपत नसे.

वाड्याचं दार किंवा देवळाची कमान यांतून नदी टिपताना उजेड बाहेरच्या पाण्यावर मोजावा, म्हणजे कमान काळी पडून आपोआप चौकट होते. रघुबीर सिंग यांनी अँबॅसडर गाडीची दारं, काचा आणि आरसे अशाच चौकटींसारखे वापरून ‘अ वे इंटू इंडिया’ हे आख्खं पुस्तक उभं केलं. ते मिळवून पाहावं.

मेणवली लांब पडत असेल, तर गावातली पायऱ्यांची बारव किंवा तळ्याचा काठही चालेल. सकाळी लवकर जा, एकच लेन्स न्या आणि त्या दिवसाचे फोटो न कापता तसेच एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा.